यंत्रशास्त्राच्या वर्गातून अणुगर्भाकडे : डॉ. होमी जहांगीर भाभा

एका अंगाला उद्यमबागेतील ओतकामाचे कारखाने आणि यंत्रशाळा, दुसऱ्या अंगाला मच्छे येथील विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा परिसर, आणि या दोहोंच्या मध्ये खानापूर रस्त्यावर वसलेली आपली पिरनवाडी. १९९८ साली बेळगावात या विद्यापीठाची स्थापना झाली आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पंचक्रोशीतील मुलांच्या अगदी दाराशी आले. ज्या घरातील कर्ता पुरुष जन्मभर लेथवर उभा राहिला, त्या घरातील मुलगा किंवा मुलगी आज अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची जाडजूड पुस्तके घेऊन वाचनालयाच्या टेबलाशी बसलेली दिसते. एका सहामाहीत फिजिक्स सायकल आणि दुसऱ्या सहामाहीत केमिस्ट्री सायकल पुरी करावयाची असते, हे आता घरातील वडीलधाऱ्यांनाही पाठ झाले आहे. त्या पदार्थविज्ञानात तरंग येतात, द्रव्यकणांची तरंगरूपता येते, अणूची अंतर्रचना येते. आणि मग एक प्रश्नही हमखास येतो. ज्याला पुढे यंत्रे जोडावयाची आहेत, पूल बांधावयाचे आहेत, त्याने इलेक्ट्रॉनची तरंगलांबी काढण्याची उठाठेव कशासाठी करावी?

मी मराठीचा अध्यापक. पदार्थविज्ञानावर अधिकारवाणीने लिहिण्याचा माझा अधिकार नाही, याची मला जाणीव आहे. परंतु चरित्र हा साहित्याचाच प्रांत आहे, आणि वरील प्रश्नाचे उत्तर मला एका चरित्रात सापडले. यंत्रशास्त्राच्या वर्गात बसलेला एक मुंबईकर तरुण मनाने अणुगर्भाच्या शोधात निघतो, वडिलांना तसे कळवतो, तरीही यंत्रशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन दाखवतो, आणि पुढे या दोन्ही विद्या देशाच्या उभारणीत ओततो, अशी ही कथा आहे. डॉ. होमी भाभा हे नाव आपणांस नवे नाही. पण प्रसिद्ध माणसांच्या बाबतीत असे होते की, नाव राहते आणि चरित्र विसरले जाते. वाचनालयाच्या शतकपूर्तीच्या निमित्ताने ते चरित्र पुन्हा एकवार उलगडून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुविद्य पारशी घराण्यात झाला. या घराण्याचा आपल्या कर्नाटकाशी जुना ऋणानुबंध होता. आजोबा डॉ. हॉर्मसजी भाभा हे जुन्या म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर जनरल होते. वडील जहांगीर यांचे बालपण बंगळुरात गेले. पुढे त्यांनी ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतले, कायद्याचा अभ्यास केला आणि काही काळ म्हैसूरच्या न्यायखात्यात नोकरी केली. विवाहानंतर ते मुंबईत स्थायिक झाले व टाटांच्या उद्योगसमूहाशी निगडित झाले. मातोश्री मेहेरबाई या सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या घराण्यातील. जहांगीर यांच्या भगिनी, म्हणजे होमींच्या आत्या, यांचेही नाव मेहेरबाईच. त्या जमशेटजी टाटांचे ज्येष्ठ चिरंजीव सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. उद्योग, शिक्षण आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांची परंपरा अशी एका घरात एकवटली होती.

या घरात आणखी एक संपत्ती होती, ती म्हणजे ग्रंथसंग्रह. आजोबांनी आणि वडिलांनी हौसेने जमवलेल्या ग्रंथांत विज्ञान होते, तसेच चित्रकलेवरील ग्रंथही होते. घरात पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या. होमी कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळेत शिकत असतानाच पुस्तके, रंग आणि संगीत या तिन्हींचा लळा त्यांना लागला. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाचा परिचय करून घेतला होता, असे सांगितले जाते. ज्या घरात पुस्तक हाताशी असते त्या घरातील मुलाची जिज्ञासा पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानाशी थांबत नाही. ग्रंथालयाचे महत्त्व सांगावयास याहून वेगळे उदाहरण कशाला हवे?

शालेय शिक्षणानंतर एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे अभ्यास करून १९२७ साली होमी केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. वडिलांचा आणि सर दोराबजींचा मनोदय स्पष्ट होता. मुलाने यंत्रशास्त्राची पदवी घ्यावी, परत यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जबाबदारीचे पद सांभाळावे. आज आपल्या गावातील एखादा बाप मुलाला अभियांत्रिकीला घालताना जो विचार करतो, त्याहून हा विचार वेगळा नव्हता. फरक होता तो परिस्थितीचा.

पण होमी केंब्रिजला पोहोचले ते वर्षच विलक्षण होते. १९११ साली रदरफर्ड यांनी अणूच्या मध्यभागी अतिसूक्ष्म, जड व धनभारित गाभा असतो, हे सिद्ध केले होते. १९२४ साली फ्रान्सच्या लुई द ब्रॉय्यी यांनी द्रव्यकणांनाही तरंगरूप असते अशी कल्पना मांडली होती. १९२६ साली श्रोडिंगर यांनी त्या तरंगांचे समीकरण दिले, आणि १९२७ सालीच डेव्हिसन व गर्मर यांनी अमेरिकेत, तर जी. पी. टॉमसन यांनी ब्रिटनमध्ये, इलेक्ट्रॉन खरोखरच तरंगाप्रमाणे वागतो, हे प्रयोगांनी दाखवून दिले. विहिरीत दोन खडे टाकले असता त्यांची वलये एकमेकांत मिसळून कोठे लाट उंचावते, तर कोठे पाणी निश्चल राहते. तसाच खेळ इलेक्ट्रॉनही खेळतो, ही गोष्ट तोपर्यंत कोणाच्या स्वप्नातही नव्हती. १९२८ च्या आरंभी केंब्रिजमधीलच पॉल डिरॅक या अवघ्या पंचविशीतील शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉनचे आपले सुप्रसिद्ध समीकरण प्रसिद्ध केले. आज आपली मुले पहिल्या वर्षाच्या पुस्तकात जे प्रकरण जुने, ठरून गेलेले म्हणून वाचतात, ते त्या वेळी लिहिले जात होते, आणि होमी यंत्रांचे आराखडे काढीत बसले होते तेथून काही पावलांच्या अंतरावर लिहिले जात होते.

अशा वेळी जिज्ञासू तरुणाचे मन आराखड्यांवर कसे स्थिर राहावे? १९२८ साली होमींनी वडिलांना एक सविस्तर पत्र लिहिले. व्यापार किंवा अभियंत्याची नोकरी आपल्या प्रकृतीला मानवणारी नाही, पदार्थविज्ञान हेच आपले क्षेत्र आहे, त्यात आपण काही भरीव करू शकू असा विश्वास वाटतो, असा त्या पत्राचा आशय होता. मानमरातब किंवा एखाद्या मोठ्या संस्थेचे प्रमुखपद यांची आपल्याला आस नाही, हेही त्यांनी कळविले. नियती किती खट्याळ असते पाहा. पुढे देशातील सर्वांत मोठ्या विज्ञानसंस्थांचे प्रमुखपद ज्याच्याकडे चालत आले, तो हाच तरुण होता.

जहांगीर भाभा यांनी या पत्राला दिलेले उत्तर आजच्या पालकांनी मनन करावे असे आहे. त्यांनी मुलावर राग धरला नाही, आणि हट्ट लगेच पुरवलाही नाही. यंत्रशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करावा, त्यात पहिला वर्ग मिळवावा, म्हणजे पुढील दोन वर्षे गणिताच्या अभ्यासाचा खर्च आपण करू, अशी अट त्यांनी घातली. होमींनी ती स्वीकारली. जूनच्या १९३० च्या मेकॅनिकल सायन्सेस ट्रायपॉस परीक्षेत ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. वडिलांनी शब्द पाळला, आणि १९३२ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेतही मुलाने पहिला वर्ग मिळविला. या काळात डिरॅक यांचेच मार्गदर्शन त्यांना लाभले. बाप आणि लेक यांच्यातील हा करार मला या चरित्रातील सर्वांत मोलाचा प्रसंग वाटतो. आवड खरी की क्षणिक, याची कसोटी नावडते काम चोख करून दाखविण्यात आहे, हे वडील जाणत होते, आणि मुलानेही ते मनोमन मान्य केले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. भाभांच्या घरी आणखी दोन वर्षांच्या विलायतेतील शिक्षणाचा खर्च करण्याची ऐपत होती. कर्ज काढून मुलाची फी भरणाऱ्या घरात असा करार करणे सोपे नाही. म्हणून त्यांचे उदाहरण जसेच्या तसे गिरवा, असे कोणाला सांगणे अन्यायाचे होईल. परंतु मुलाने मन मोकळे करावे, पालकाने ते ऐकून घ्यावे आणि दोघांनी मिळून पुढची वाट ठरवावी, एवढे तर पैशावाचूनही साधण्याजोगे आहे.

१९३२ हे वर्ष केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिले गेले आहे. रदरफर्ड यांच्या छत्राखाली चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला. कॉक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी कृत्रिमरीत्या वेग दिलेल्या प्रोटॉनांच्या माऱ्याने लिथियमचा अणुगर्भ फोडला. त्याच वर्षी अमेरिकेत अँडरसन यांना इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार, म्हणजे पॉझिट्रॉन, आढळला. डिरॅक यांनी कागदावर भाकीत केलेला कण विश्वकिरणांत प्रत्यक्ष सापडला होता. भाभा या घडामोडींच्या अगदी मध्यभागी होते. विश्वकिरणांच्या शोषणावरील त्यांचा पहिला शोधनिबंध १९३३ साली जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शिष्यवृत्त्यांच्या आधारे त्यांनी झुरिकला पाउली यांच्याकडे, रोमला फर्मी यांच्याकडे आणि कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे जाऊन अभ्यास केला. १९३५ साली त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली.

याच सुमारास त्यांनी इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचे गणित मांडले. हे विखुरणे आज जगभर भाभा स्कॅटरिंग या नावानेच ओळखले जाते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडविणाऱ्या महाकाय यंत्रांत किती टकरी झाल्या याचे मोजमाप करण्यासाठी त्याच गणिताचा आधार घेतात. एका मुंबईकराचे नाव असे पदार्थविज्ञानाच्या परिभाषेत कायमचे कोरले गेले.

१९३७ साली त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्या सहकार्याने विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. त्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन व ओपेनहायमर हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाप्रत आले होते. ही उपपत्ती सामान्य वाचकाला वंशावळीच्या दृष्टांताने समजू शकेल. अवकाशातून आलेला अतिवेगवान इलेक्ट्रॉन वातावरणातील एखाद्या अणुगर्भाजवळून जाताना आपली काही ऊर्जा प्रकाशकणाच्या, म्हणजे फोटॉनच्या, रूपाने बाहेर टाकतो. तो फोटॉन दुसऱ्या अणुगर्भाजवळ इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन अशी जोडी निर्माण करतो. ही जोडी पुन्हा नवे फोटॉन जन्माला घालते. अशा प्रकारे पिढ्यांमागून पिढ्या वाढत एका कणाचे असंख्य कण होतात. मात्र दर पिढीगणिक प्रत्येकाच्या वाट्याला येणारी ऊर्जा घटत जाते. शेवटी नवी संतती निर्माण करण्याइतके बळ उरत नाही आणि वर्षाव ओसरतो. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्या आपल्या शेतकरी समाजाला हे गणित समजावयास कठीण नाही.

पण काही किरण असे होते की, जे जमिनीत खोलवर जात आणि या उपपत्तीत बसत नसत. ते इलेक्ट्रॉनहून जड अशा वेगळ्या कणांचे असले पाहिजेत, असे प्रतिपादन भाभांनी केले. हे कण अल्पायुषी असतात. तरीही प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावत असल्यामुळे आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार त्यांचे आयुष्य आपल्याला लांबलेले दिसेल आणि त्या सिद्धान्ताचा पडताळा येथे घेता येईल, हे त्यांनी १९३८ साली दाखवून दिले. मेसॉन हे सुटसुटीत नाव रूढ करण्यातही त्यांचा वाटा होता.

१९३९ साली भाभा सुटीसाठी मायदेशी आले असता सप्टेंबरात दुसरे महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. हा योगायोग देशाच्या दृष्टीने भाग्याचा ठरला. बंगळुरू येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर चंद्रशेखर व्यंकट रामन पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख होते. त्या विभागात भाभा प्रपाठक म्हणून रुजू झाले. सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने त्यांनी तेथे विश्वकिरण संशोधनाचे एक पथक उभारले. आजोबांच्या आणि वडिलांच्या गावी नातू असा परतला. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी नागपूर येथील इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या अधिवेशनात रामन यांनी या तरुण सहकाऱ्याची तुलना थेट लिओनार्दो दा विंचीशी केली. भाभांची चित्रे आणि संगीताची जाण ज्यांनी पाहिली होती त्यांना ही तुलना अस्थानी वाटली नाही. विक्रम साराभाई व पुढे थोर गणिती म्हणून गाजलेले हरीशचंद्र हेही त्या काळात बंगळुरातच काम करीत होते.

बंगळुरातील या पाच-सहा वर्षांत भाभांच्या मनात एक मोठा पालट घडून आला. प्रारंभी युद्ध संपताच केंब्रिजला परतावे, असा त्यांचा विचार होता. पण हळूहळू त्यांना वाटू लागले की, आपल्या देशात उत्तम शास्त्रज्ञ निपजतात, मात्र त्यांना एकत्र आणणारी संस्था नाही, आणि ती उभारणे हे आपलेच कर्तव्य आहे. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा न्यासाचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची योजना सादर केली. पुढील दोन दशकांत अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, त्या वेळी भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, ते येथेच तयार असावेत, असा विचार त्यात होता. हिरोशिमावर अणुबाँब पडण्यास तेव्हा सतरा महिने अवकाश होता. अणुशक्ती हा शब्द सामान्य माणसाने ऐकलाही नव्हता. त्या वेळी दाखविलेली ही दूरदृष्टी थक्क करणारी आहे.

१ जून १९४५ रोजी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचे काम बंगळुरात सुरू झाले. त्याच वर्षाअखेर ही संस्था मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली. तेथे १९ डिसेंबर १९४५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन कोलव्हिल यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १९४९ साली ती गेट वे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. कुलाब्याच्या टोकाशी समुद्रकिनारी उभ्या राहिलेल्या तिच्या स्वतःच्या वास्तूची कोनशिला पंडित नेहरूंनी १९५४ च्या नववर्षदिनी बसविली आणि १९६२ च्या जानेवारीत तिचे उद्घाटनही केले. या वास्तूत भाभांची रसिकता पावलोपावली दिसते. तिच्या भिंतींवर भारतीय चित्रकारांच्या कलाकृती आहेत. त्यांत मकबूल फिदा हुसेन यांचे भव्य भित्तिचित्रही आहे. बांधकामाच्या आड येणारे झाड तोडण्याऐवजी मुळासकट काढून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे. विज्ञान रुक्ष असते असे मानणाऱ्यांनी ही वास्तू एकदा अवश्य पाहावी.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली अणुशक्ती कायदा झाला. १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुशक्ती आयोग स्थापन होऊन भाभा त्याचे अध्यक्ष झाले. शांतिस्वरूप भटनागर व के. एस. कृष्णन हे त्यांचे सहकारी सदस्य होते. १९५४ साली अणुशक्तीचे स्वतंत्र खाते निर्माण झाले, आणि त्याच वर्षी तुर्भ्याच्या खाडीकाठी अणुशक्ती केंद्राची उभारणी सुरू झाली. आणि येथे तो जुना यंत्रशास्त्राचा अभ्यास फळाला आला, असे म्हणावयास हरकत नाही. अणुगर्भाचे गणित जाणणारे पुष्कळ असतील. परंतु पोलाद, काँक्रीट, पंप, झडपा आणि मोजमापाची उपकरणे यांच्या भाषेत ते गणित उतरविण्यासाठी अभियंत्याची दृष्टी लागते. आशियातील पहिली अणुभट्टी दीड वर्षाच्या आत भारतीय शास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी स्वतः आखून बांधली. तिचे इंधन तेवढे ब्रिटनकडून आले होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ती कार्यान्वित झाली. खोल पाण्याच्या हौदात ठेवलेल्या या भट्टीतून मनोहर निळी आभा फाकत असे. ती पाहून नेहरूंनी तिला अप्सरा असे नाव दिले.

ही निळी आभा म्हणजे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी एक सुंदर धडाच आहे. पाण्यात प्रकाशाचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो. भट्टीतून निघालेले वेगवान इलेक्ट्रॉन पाण्यात त्या मंदावलेल्या प्रकाशालाही मागे टाकून धावतात. पाण्यातील लाटांपेक्षा वेगाने जाणाऱ्या होडीच्या दोन्ही अंगांना जसा लाटांचा पाचर उमटतो, तसाच पाचर येथे प्रकाशतरंगांचा उमटतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ चेरेन्कोव्ह यांच्या नावाने हा आविष्कार ओळखला जातो. तरंग आणि अणुगर्भ ही अभ्यासक्रमातील दोन वेगळी प्रकरणे त्या हौदातील निळ्या प्रकाशात एकजीव झालेली दिसतात.

अप्सरा २००९ साली विसावली आणि २०१८ साली तिच्याच जागी तिची सुधारलेली बहीण अवतरली. १९६० साली सुरू झालेली सायरस ही भट्टीही २०१० च्या अखेरीस बंद झाली. पण या भट्ट्यांभोवती जी माणसे घडली ती खरी कमाई. १९५७ साली तुर्भ्यास प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. विज्ञानाच्या व अभियांत्रिकीच्या पदवीधरांना निवडून वर्षभर एकत्र शिकवावयाचे, पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीची ओळख करून द्यावयाची आणि अभियंत्याला अणुगर्भाचे शास्त्र शिकवावयाचे, अशी ही योजना होती. केंब्रिजमध्ये ज्या दोन वाटा एका तरुणाला आलटून पालटून चालाव्या लागल्या, त्या त्याने पुढच्या पिढ्यांसाठी एकत्र जोडून दिल्या. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून यंत्रअभियंता होऊन बाहेर पडलेले डॉ. अनिल काकोडकर याच विद्यालयातून घडले आणि २००० साली अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष झाले. अणुभट्टीच्या पदार्थविज्ञानात काम केलेले डॉ. भालचंद्र उदगावकर यांनी पुढे मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपदही भूषविले.

भाभांचे लक्ष केवळ अणूपुरते मर्यादित नव्हते. आपल्याच राज्यातील कोलारच्या सोन्याच्या खाणींत, जमिनीखाली खोल, विश्वकिरणांचे प्रयोग करण्यास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना प्रवृत्त केले. तेथेच १९६५ साली वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो या दुर्ग्राह्य कणांची खूण सापडली. परदेशात असलेल्या गोविंद स्वरूप यांना त्यांनी तार धाडून मायदेशी बोलाविले. त्यातून भारतातील रेडिओ खगोलशास्त्र उभे राहिले आणि पुढे नारायणगावजवळच्या खोडद येथे अवकाशातून येणारे रेडिओतरंग टिपणारी विशाल दुर्बीण साकारली. योग्य माणूस हेरावयाचा, त्याच्याभोवती काम उभे करावयाचे आणि मग त्याला मोकळे सोडावयाचे, ही त्यांची कार्यपद्धती होती.

अर्थात भाभांच्या कार्याला दुसरी बाजूही आहे आणि ती दृष्टीआड करणे चरित्रकाराला शोभणार नाही. थोर शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांचा भाभांच्या धोरणाला विरोध होता. अणुसंशोधन विद्यापीठांपासून तुटू नये, त्यावर गुप्ततेचा पडदा नसावा, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते त्यांनी १९५४ साली लोकसभेतही मांडले. मोठ्या संस्थांकडे निधी आणि बुद्धिमान माणसे ओढली गेली की लहान गावांतील महाविद्यालये कोरडी राहतात, ही साहांची भीती अगदीच निराधार होती, असे आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी शिकविणाऱ्याला म्हणवत नाही. १९५५ साली जीनिव्हा येथील अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावरील आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद भाभांना मिळाले. अणुगर्भांच्या संमीलनातून नियंत्रित ऊर्जा मिळविण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी तेथे केले. ते खरे ठरले नाही. युरेनियमपासून प्लुटोनियम आणि शेवटी आपल्या किनारपट्टीच्या वाळूतील थोरियम, अशी तीन टप्प्यांची त्यांची योजना आजही पूर्णत्वास गेलेली नाही, आणि देशाच्या विजेत अणुविजेचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपासच आहे. चीनने १९६४ साली अणुस्फोट केल्यानंतर भाभांनी आकाशवाणीवरून अणुबाँबच्या खर्चाविषयी जे विवेचन केले त्यावरही पुष्कळ वाद झाला.

तरीही जे उभे राहिले ते थोडे नव्हे. १९६९ साली तारापूरचे केंद्र वीज देऊ लागले. ते पाहावयास मात्र भाभा हयात नव्हते. आपल्या शेजारच्या कारवार भागातील कैगा येथे प्रत्येकी २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत. त्यांतील पहिली भट्टी २०१८ च्या अखेरीस सलग ९६२ दिवस चालून बंद करण्यात आली, तेव्हा तो जागतिक विक्रम ठरला. १९२८ साली एका मुलाने वडिलांना लिहिलेल्या पत्राचा धागा असा आपल्या घाटापर्यंत येऊन पोहोचला आहे.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्ना येथील बैठकीसाठी निघालेल्या भाभांचे एअर इंडियाचे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. तेरा दिवसांपूर्वीच ताश्कंद येथे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे निधन झाले होते, आणि अपघाताच्या दिवशीच इंदिरा गांधी यांचा शपथविधी व्हावयाचा होता. दुःखात बुडालेल्या देशावर हा दुसरा आघात होता. भाभा त्या वेळी अवघे छप्पन्न वर्षांचे होते. ते अविवाहित होते. संस्था हाच त्यांचा संसार होता. १९६७ साली तुर्भ्याच्या केंद्रास भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले. योगायोगाची गोष्ट अशी की, ज्या १९६६ साली भाभा गेले त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली आणि सामान्य मराठी वाचकापर्यंत विज्ञान नेण्याचे काम सुरू झाले.

लेखाच्या आरंभी ज्या प्रश्नाचा उल्लेख केला त्याकडे आता वळू. यंत्र जोडणाऱ्याने तरंग आणि अणुगर्भ यांचा अभ्यास कशासाठी करावा? भाभांचे चरित्र सांगते की, पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातील कोणते प्रकरण कोणाच्या आयुष्याचे दार उघडील हे आधी कळत नाही. शंभरांतील नव्व्याण्णवांना ती प्रकरणे परीक्षेपुरती वाटतील. त्यात गैर काही नाही. पण उरलेल्या एकासाठी ते दार उघडे ठेवणे हे शिक्षकाचे, पालकाचे आणि ग्रंथालयाचे काम आहे. आणि ज्याला ते दार खुणावते आहे त्याने हातातील अभ्यास अर्धवट टाकू नये. होमी भाभांनी तो टाकला नाही, म्हणूनच अप्सरा उभी राहिली.

गेली शंभर वर्षे आपल्या वाचनालयाने या सीमाभागातील वाचकांना कथा, कादंबऱ्या, संतवाङ्मय व इतिहासग्रंथ पुरविले. आता येणाऱ्या पिढीसाठी विज्ञानाचे एक सुसज्ज दालन येथे असावे, त्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला उपयोगी पडणारी पुस्तके तर असावीतच, पण शास्त्रज्ञांची मराठी चरित्रेही असावीत, अशी नम्र सूचना सभासद व आश्रयदाते यांच्यापुढे ठेवतो. पेटिट आणि टाटा यांच्या गोतावळ्यातील मुलाला ग्रंथसंग्रह घरातच मिळाला. लेथवर काम करणाऱ्याच्या मुलाला तो मिळावयाचा असेल तर अशाच सार्वजनिक कपाटातून मिळेल. तेवढी जबाबदारी आपण उचलली, तर शतकमहोत्सवाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.